महिपतीची पाचवी कॅसेट

...तर तो कागद. काल ताटं वाढली गेली म्हणून मी तो अर्धवट टाकून उठलो होतो. आज पुन्हा हातात घेऊ.

महिपतीच्या उशीखालनं निघाला तो. वहीचं पान, चार घड्या घातलेलं. उघडलं तर पट्टीनं रेघा मारून चौकोन पाडलेले आणि डाव्या अंगाला एकाखाली एक नऊ नावं. पहिलं जालिंदर. तिसरं शेजारच्या खोलीतला रहमान. सातवं सोपान, म्हणजे अस्मादिक. सगळ्यात खाली संपत. प्रत्येक नावापुढच्या चौकोनांत फुल्या, मधेच एखादा गोल. माझ्यापुढं चार फुल्या, दोन गोल. संपतपुढं मात्र फुल्याच फुल्या, गोल एकही नाही.

जालिंदर माझ्या खांद्यावरनं वाकून बघत होता. त्याचा श्वास माझ्या कानात.

"संपत्याला किती फुल्या बघ," तो म्हणाला.

आणि संपतला कंपनीनं आठच दिवसांपूर्वी विमानात बसवून घरी लावून दिलं होतं. सकाळी बोलावणं आलं, संध्याकाळी खाट रिकामी. खलास. कारण कुणी सांगितलं नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी माणसं सांगून ठेवतो, नाहीतर मधेच विचाराल. साल एक्क्याऐंशी. दोहात बिन महमूद भागात एका जुन्या घरात आमची खोली, पाच खाटांची. मी शटरिंगचा सुतार. जालिंदर पाटण तालुक्यातला, वेल्डर. संपत पाइपफिटर, तो तर गेलाच. बशीर चिपळूणचा, कंपनीच्या ऑफिसात क्लार्क, आणि खोलीत इंग्रजी लिहिता-वाचता येणारा तेवढा एकच. पाचवा महिपती, खटाव तालुक्यातला, साहेबाचा ड्रायव्हर.

गावी असताना महिपती साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचा. मोटार हाती आली तरी ट्रॅक्टरची सबुरी त्याच्या अंगातनं गेली नाही. हॉर्न वाजवताना मी त्याला कधी ऐकला नाही. बोलणंही तसंच. काही विचारलं की गिअर बदलायला लागतो तेवढा वेळ घ्यायचा, मग उत्तर द्यायचा. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटायचं, हा काहीतरी लपवतोय. आम्हांला माहीत होतं, तरी वाटायला लागलं.

त्याला कारणं होती बरं का. त्याचा साहेब म्हणजे हॉलिस, अमेरिकन इंजिनिअर, दारातनं वाकून आत येणारा उंच माणूस. बाकीचे साहेब गाडीत मागं बसायचे. हा पुढं, महिपतीच्या शेजारी. दुखानच्या रस्त्यावर कंपनीचं यार्ड होतं, दोहापासनं तासाभराची वाट. आमची बस सहाला पोचायची. पाठोपाठ साहेबाची पांढरी गाडी यायची आणि गेटाबाहेर उभी राहायची. काचा वर, इंजिन चालू, आत दोघं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. साहेब मान हलवतोय, महिपती बोट दाखवतोय. एकदा तर महिपतीनं स्टिअरिंगवर बुक्की मारलेली मी डोळ्यांनी पाहिली, आणि साहेब हसत होता. असं महिनाभर चाललेलं.

"ड्रायव्हरशी इतकं काय बोलायचं असतं रे साहेबाला?" मी एकदा महिपतीला विचारलं.

गिअर बदलण्याइतका वेळ गेला. "खेळाचं चालतंय," तो म्हणाला.

आता सांगा. उघड्या माळावर, सकाळी सहा वाजता, साहेब आणि ड्रायव्हर खेळाचं बोलतात. कोण मानील?

त्यात संपत गेला, आणि संपतपुढं सगळ्यांत जास्त फुल्या. जालिंदर कागदाची घडी घालताना म्हणाला, "पुढचा नंबर कुनाचा ते मोजून ठेव." मी मोजलं. रहमानच्या पाच होत्या. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या दिवसापासनं महिपती खोलीत आला की आम्ही सगळे एकदम भाजीबद्दल बोलायला लागायचो. वांगं चांगलं मिळत नाही, भेंडी जून येते. चार-पाच दिवस रोज वांगं. महिपती हातपाय धुऊन खाटेवर बसायचा, आमच्याकडं बघायचा, आणि एकदा म्हणाला, "एवढं वांग्याचं मनात हाय तर उद्या करू की." जालिंदर माझ्याकडं बघून डोळे मोठे करून म्हणाला, "बघितलंस? सगळं ध्यानात ठेवतंय."

मग आला शुक्रवार. हॉलिस साहेबाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तो दवाखान्यात. महिपती साहेबाचे कपडे पोचवायला गेलेला. बशीर दुसऱ्या दिवशी महिन्याच्या रजेवर घरी निघणार, म्हणून सूक वाकिफच्या बाजारात कापड आणि अत्तर घ्यायला गेलेला. खोलीत मी आणि जालिंदर. दुपारची वेळ, एसी घरघरतोय. जालिंदर म्हणाला, "त्याची ट्रंक बघू."

कुलूप नव्हतं. महिपतीनं कधी कुलूप लावलं नाही, हे आमच्या तेव्हा डोक्यात आलं नाही. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेली एक कॅसेट निघाली. वर लाल शाईनं पाचाचा आकडा. बाकी काही लिहिलेलं नाही.

आता कॅसेटचं सांगायला हवं, कारण तुमच्या पिढीला ते ठाऊक नाही. आमच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या घरी पत्र वाचणारं कुणी नसायचं. जालिंदरची बायको तानूबाई, तिला अक्षर येत नव्हतं. पत्र पाठवलं की ते दिरानं वाचायचं, म्हणजे सगळ्या आळीनं ऐकायचं. म्हणून आम्ही कॅसेटवर बोलायचो. जो कुणी रजेवर निघेल त्याच्याजवळ ती द्यायची. घरची माणसं ऐकायची आणि त्याच कॅसेटवर, आपलं बोलणं पुसून, त्यांचं बोलणं भरून परत धाडायची. एक कॅसेट वर्षानुवर्षं अशी जायची यायची. त्यामुळं टेपरेकॉर्डर म्हणजे आमच्या खोलीतला सगळ्यांत मोलाचा जिन्नस. जालिंदरचा होता तो, खाटेखाली फडक्यात.

आणि म्हणूनच ती कॅसेट बघून जालिंदर पांढरा पडला. "ह्यानं आपलं बोलनं भरलंय," तो म्हणाला. "माझ्याच टेपवर. आपन कामावर असताना न्हाई, आपन झोपलेलो असताना."

"झोपेत आपण काय बोलतो?"

"तू बोलतूस. मुकादमाला शिव्या घालतूस."

हे मला पहिल्यांदा कळत होतं. लावली कॅसेट.

एक माणूस इंग्रजीत बोलत होता. झरझर, मधेच थांबून, पुन्हा झरझर. त्याच्या मागं खूप माणसांची गजबज. मग सगळं गप्प. मग एकदम हजारभर माणसं ओरडली. आम्ही दोघंही मागं सरकलो.

"साहेब वाचतोय काहीतरी," जालिंदर कुजबुजला.

"मग ओरडतंय कोण?"

"त्यांच्या हेड ऑफिसातली मानसं."

आम्ही कान लावून बसलो. इंग्रजी मला येत नव्हतं, पण आकडे येत होते. टू, थ्री, आणि मधेच स्पष्ट, नाइन.

"नऊ!" जालिंदरनं माझा दंड धरला. "कागदावर नावं किती?"

नऊ.

त्यापुढं विचार करायला आम्ही थांबलोच नाही. ही कॅसेट पुसायची, एवढं ठरलं. नुसती पुसली तर वेळ वाया, आणि बशीर उद्या निघणार, जालिंदरजवळ कोरी कॅसेट नाही. तेव्हा तानूबाईचं पत्र ह्यावरच भरायचं. मी दोन बटणं एकदम दाबली. हो, मीच दाबली, जालिंदर टेपशी तोंड नेऊन तयार बसला होता. तो वीसेक मिनिटं बोलला. पत्र्याचं, धाकट्या लेकीच्या खोकल्याचं, म्हैस गाभण राहिली का त्याचं. आणि शेवटी जोर आला त्याला. म्हणाला, "हितं आमच्या खोलीत एक चुगलखोर निघालाय. महिपती नाव त्याचं, खटावकडचा. त्येच्यापायी संपत घरी गेला. त्येचीच कॅसेट पुसून हे भरतोय. सोपानानं बटन दाबलंय. ऱ्हावा खुशाल." मी बटण बंद केलं. महिपतीच्या टॉवेलात आम्ही जालिंदरच्या मेहुण्याच्या लग्नातल्या बँडची कॅसेट गुंडाळून ठेवली. तीसुद्धा लाल शाईनं पाच लिहून. आणि तानूबाईची बशीरच्या बॅगेत गेली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं भाजीबद्दल एक अक्षर बोललो नाही.

आठवड्यानं साहेब कामावर आला. शनिवार होता. सकाळी बसमधनं उतरून आम्ही गेटाशी उभे, पांढरी गाडी आली, पण थांबली नाही, सरळ आत गेली. साहेब मागच्या सीटवर बसलेला होता.

संध्याकाळी महिपती खोलीत आला. हातपाय धुतले नाहीत. खिशातनं कॅसेट काढून जालिंदरच्या खाटेवर ठेवली.

"तुझा बँड," तो म्हणाला. "झ्याक वाजला. सायबानं दोन्ही बाजू ऐकल्या, म्हनला मधे कुठंतरी असंल. शेवटपर्यंत बँडच."

जालिंदर उशीचा अभ्रा नीट करायला लागला.

"माझी कुठाय?"

"बदलली आसंल," जालिंदर म्हणाला. "बशीर निघायच्या गडबडीत. चुकून गेली आसंल तानीकडं."

"चुकून?"

"चुकून."

मला राहवलं नाही. मी कागद काढला आणि त्याच्यापुढं धरला. "आधी हे सांग. आमची नावं कशाला? ह्या फुल्या कसल्या?"

महिपतीनं कागद घेतला, उजेडाकडं धरला. मला वाटलं आता हा चिडणार. तर त्याच्या तोंडावर हसू आलं, महिनाभरात पहिल्यांदा.

"ह्यो व्हय," तो म्हणाला. "बस, सांगतो."

आणि त्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेत त्यांचा एक खेळ आहे. बेसबॉल. गडी नऊ. एक जण चेंडू फेकतो, दुसरा दांडक्यानं मारतो आणि पळतो. चार कोपरे, कोपऱ्यांवर गाद्या. तीन गाद्या शिवून चौथ्या कोपऱ्यात घरी पोचला की गुण. डाव नऊ. खेळणारे तिकडचे पगारी खेळाडू. साहेबाच्या गावचा संघ परगावी खेळायला गेला होता, आणि साहेबाची बहीण रेडिओवरचं वर्णन कॅसेटींवर भरून इकडं पाठवायची. सहा आठवड्यांनी पोचायच्या. तोवर साहेब इंग्रजी पेपर उघडायचा नाही, निकाल कळेल म्हणून. गाडीत लावायचे आणि दोघं ऐकायचे.

"पर ह्या खेपंला काय झालं," महिपती पुढं सरकून सांगायला लागला, "नऊ डाव झालं आन बरोबरी. त्यांच्यात बरोबरीत सोडत न्हाईत. धावा डाव, बरोबरी. अकरावा, बरोबरी. कुनीबी घरी पोचंना! एक गडी तिसऱ्या गादीवर उभा, घर हितनं त्या दारापातूर, आन फुडचा बाद. चार कॅसेटी संपल्या, पंधरा डाव झालं. दुखानचा रस्ता संपायचा आन डाव संपायचा न्हाई, म्हनून आमी गेटाशी बसायचो."

"आणि नावं?"

"आरं, त्यांची नावं माझ्या तोंडात बसंनात. सायेब इचारायचा, आता कोन खेळतोय? मग मी सायबाच्या गड्यांना तुमची नावं दिली. जो वाऱ्यासारका पळतोय त्यो जालिंदर. फुली म्हंजे बाद, गोल म्हंजे गादीवर पोचला. सायबाला बी आता तीच नावं पाठ हायेत. सांपट, सांपट म्हनतो."

"संपतला इतक्या फुल्या का मग?"

"त्यो चेंडू फेकनारा. फेकतो देवागत, दांडकं मातर धरता येत न्हाई."

पुढं महिपती म्हणाला, आवाज खाली आणून, "दवाखान्यात जाताना सायबानं पाचवी माज्याजवळ दिली. म्हनला, ही माज्याजवळ ठेवलीस तर मी एकटा ऐकून टाकीन. तू ठेव, आल्यावर दोघं ऐकू. मी म्हनलं, इन्शाल्ला. आता सायेब म्हनतो, कुनाला इकलीस? मी म्हनलं हरवली. त्यो म्हनला, टॉवेलात गुंडाळलेली हरवती का?"

महिपतीचा करार त्या महिन्याअखेर संपत होता. पुढच्या दोन वर्षांच्या कागदावर साहेबाची सही लागते. सही नाही झाली तर संपतसारखं विमान. हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. त्यानं ते तोंडानं काढलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग जाऊन साहेबाला खरं सांगायचं. सांगायचं होतं. रोज रात्री ठरवायचो, रोज सकाळी बसमध्ये चढेपर्यंत ते विरघळायचं. शिवाय जालिंदर मला पढवत राहायचा. "त्यो गप बसलाय, त्यात कायतरी हाय. करार संपायच्या दिवशी आपली नावं सांगनार बघ. बँड माझा हाय हे त्याला कळलंय." आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. आधी आम्हांला संशय होता की तो चुगली करतो. आता भीती होती की तो करेल, आणि ह्या खेपेला ती चुगलीसुद्धा ठरणार नाही.

रोज पांढरी गाडी यायची. साहेब मागं, महिपती पुढं. मधे काही बोलणं नाही.

महिना संपायला पाच दिवस असताना बशीर परत आला. सुकी मासळी, आंबोशी आणि जालिंदरसाठी कॅसेट. जालिंदरचा मेहुणा घाट उतरून चिपळूणला येऊन ती देऊन गेला होता. तीच कॅसेट, लाल पाच. आम्ही बशीरला सगळी हकिगत सांगितली. तो आधी खाटेवर बसला, मग आडवा झाला, आणि पोट धरून हसत सुटला.

"अरे शहाण्यांनो! संपतची मेडिकल फेल झाली. छातीचा फोटो खराब आला, फाइल माझ्याच टेबलावर होती. त्यानंच हातापाया पडून सांगितलं, कुणाला बोलू नकोस. आणि तुम्ही महिपतीला धरलंत होय! मला एक शब्द विचारायचात तरी."

"तू सूकला गेला होतास," जालिंदर म्हणाला.

"हो, चूक माझीच!"

जालिंदरनं कॅसेट एकट्यानं, टेप कानाला लावून, तानूबाईचा आवाज संपेपर्यंत ऐकली आणि बंद केली. मग माझ्याकडं न बघता ती महिपतीच्या पुढं ठेवली. म्हणाला, "तानीनं सगळं पुसलं न्हाई. मागचं हाय तसं हाय."

महिपतीनं कॅसेट उलटसुलट करून बघितली. गिअर बदलला. "सकाळी तुमी दोघंबी चला गाडीतनं," तो म्हणाला. "सायबापुढंच लावू."

मेलो, असं जालिंदर म्हणाला. महिपती बाहेर गेल्यावर म्हणाला.

सकाळी साहेब आम्हांला बघून थबकला. महिपतीनं त्याला काय ते इंग्रजीत सांगितलं, कॅसेट दाखवली. साहेबानं आम्हां दोघांना वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं आणि मागं बसला. जालिंदर त्याच्या शेजारी, दाराला चिकटून. मी पुढं. यल्ला, म्हणजे चला, एवढं म्हणायलाही कुणाला सुचलं नाही. गाडी दुखानच्या रस्त्याला लागली, दोन्हीकडं भुरा माळ, आणि महिपतीनं कॅसेट आत सरकवली.

तानूबाईचा आवाज आला. मोठा, उलट्या वाऱ्यात हाक मारावी तसा.

"आवं, तुमचं बोलनं संपलं आन मागनं मानसं वरडाय लागली! हजारभर मानसं. त्यात बायका बी. मी टेप टाकून दारात पळाले. भावजी म्हनत्यात, त्यो अरबाच्या मुलखात न्हाईच, दुसरीकडंच कुटंतरी मजा करतोय. सारी आळी येऊन ऐकून गेली. आता देवाशपथ खरं सांगा, तुमी कुटं जाता? कामाच्या जागी येवढ्या बायका कशापायी वरडत्यात?"

साहेबानं विचारलं, काय म्हणते ही बाई?

महिपतीनं आरशात बघितलं. आपल्या इंग्रजीत सांगितलं, नवरा कुठं जातो विचारते, खेळ ऐकून घाबरली. साहेब हसला नाही. जालिंदर कानापर्यंत लाल. पुढं पत्रा गळतोय, धाकटीचा खोकला थांबला, आणि शेवटी ती म्हणाली, "फुडचं मी पुसलं न्हाई. कुनाचं काय आसंल, आपून कशाला पुसा. जशी हाय तशी धाडते."

खट्ट. आणि तानूबाई जिथं थांबली तिथनं पुढं जालिंदरचं जुनं बोलणं सुरू झालं. तिच्या बोलण्यानं त्याचं पुरतं पुसलं गेलं नव्हतं. शेपूट राहिलं होतं.

"...म्हैस गाभन ऱ्हायली का ते कळीव..."

मागनं जालिंदरचा गुडघा माझ्या सीटमध्ये घुसला. त्याला आठवलं होतं. मलाही. आता पुढचं वाक्य कोणतं ते गाडीत आम्हां दोघांनाच माहीत होतं.

"...हितं आमच्या खोलीत एक चुगलखोर निघालाय. महिपती नाव त्याचं..."

महिपतीचे हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले. मी रस्त्याकडं बघत होतो, पण रस्ता दिसत नव्हता.

"...त्येच्यापायी संपत घरी गेला. त्येचीच कॅसेट पुसून हे भरतोय. सोपानानं बटन दाबलंय. ऱ्हावा खुशाल."

साहेब पुढं वाकला. त्याच्या गड्यांची नावं ऐकली ना त्यानं! सांपट म्हणाला, सोपान म्हणाला, महिपती म्हणाला, बोटांवर मोजत. हा माणूस काय सांगतोय, त्यानं विचारलं. आणि आवाज असा की उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही.

एक वाक्य. नुसतं होतं तसं सांगायचं. महिपती सुटला असता, सही झाली असती, आणि आम्ही दोघं आठवड्यात घरी. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

गिअर बदलायला लागतो तेवढा वेळ गेला. ह्या खेपेला चार गिअर बदलले असावेत.

"बफलो," महिपती म्हणाला. "सर, ही इज आस्किंग अबाउट बफलो."

आणि खोलीतल्या सगळ्यांनी साहेबाला सलाम सांगितलाय, असंही जोडून दिलं. म्हणून नावं. कॅसेट चुकून गेली होती, आता आली. साहेब मागं टेकला. आणि त्याच क्षणी गाडीत हजार माणसं ओरडली.

साहेबानं महिपतीच्या खांद्यावर थाप मारली, थांब. माळावर गाडी उभी राहिली. तो उतरला, माझं दार उघडलं, मला अंगठ्यानं मागं जा म्हणाला आणि आपण पुढं बसला. आवाज मोठा केला.

मधले अडीच डाव गेलेच होते, जालिंदरच्या म्हशीखाली. पण अठराव्यातली समोरच्यांची पाळी शाबूत होती, अजूनही बरोबरी. महिपती आम्हांला मागं मान करून सांगत होता. समोरच्यांचा एक गडी दुसऱ्या गादीवर. दोन बाद. आणखी एक बाद झाला की डाव संपला. फेकला. मारला. उंच. लई उंच. आता खाली येतोय, खाली एक गडी उभा आहे, हात वर...

मग असा गलका झाला की वर्णन करणाऱ्याचा आवाज त्यात बुडाला.

साहेबानं डोकं समोरच्या काचेला टेकवलं.

"काय झालं? महिपती, काय झालं?"

"सुटला हातनं," महिपती म्हणाला. "त्यो दुसऱ्या गादीवरचा घरी पोचला. हरलो."

"सोडला कुणी?"

त्यानं आरशात माझ्याकडं बघितलं. "सात नंबरानं. तू."

साहेबानंही मागं वळून माझ्याकडं बघितलं, सोपान, असं म्हणाला आणि मग कसा हसत सुटला विचारू नका. टाक्यांची जागा ओढली गेली म्हणून पोट धरलं तरी हसतोय. गेटाशी पोचलो तेव्हाही गाडी पाच मिनिटं उभी राहिली. बसमधले लोक आमच्याकडं बघत होते, आणि ते काय म्हणत असतील ते मला नीट ठाऊक होतं.

सही दोन दिवसांनी झाली. पुढं सहा वर्षं महिपती त्याच साहेबाकडं होता, आणि साहेब कायम पुढच्या सीटवर. सत्त्याऐंशीला साहेब मायदेशी गेला आणि महिपतीनंही गाशा गुंडाळला. विमानतळावर मी पोचवायला गेलो. त्याच्या हातातली पिशवी खोलीतल्या कॅसेटींनी भरलेली, वरच जालिंदरची, तानूबाईसाठी. सहा वर्षं एक गोष्ट विचारायची राहिली होती. मी म्हटलं, त्या दिवशी गाडीत नाही सांगितलंस, ते समजलो. आम्ही समोर बसलेलो होतो. पण पुढं इतकी वर्षं, रोज दोन तास तू आणि तो. एकदाही साहेबाला खरं सांगावंसं वाटलं नाही?

त्यानं पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली आणि म्हणाला:

"वाटलं हुतं की. दुसऱ्याच दिवशी सकाळी पार तोंडाशी आलं हुतं. पर आदी मी सायबाला इचारलं, ज्याच्या हातनं चेंडू सुटला त्या गड्याचं फुडं काय झालं? सायेब म्हनला, काय व्हायाचंय, दुसऱ्या दिवशी परत तितंच उभा. मग मी गिअर टाकला."